आर्याचं लायसन्स

चि. मंदारास अनेक आशीर्वाद.

आर्याचा लायसन्स हातात धरलेला फोटो आई गल्लीभर दाखवून आली. सोळाव्या वर्षी पोरगी कॅलिफोर्नियात गाडी चालवते, मलाही कौतुक आहे. रविवारी मी इन्शुरन्सचं काढलं तेव्हा तू "बाबा, आहे सगळं" म्हणून विषय बदललास, म्हणून लिहितो. एकदाच लिहितो.

तुझं ते "आहे सगळं" इथल्या हिशेबाचं आहे. मोटार अपघात न्यायाधिकरणात माझी सगळी नोकरी झाली. आपल्याकडे थर्ड पार्टी, म्हणजे समोरचा बाहेरचा माणूस दगावला किंवा जायबंदी झाला, तर पॉलिसी आणि लायसन्स धड असल्यावर निवाड्याची रक्कम विमा कंपनीच भरते, तिला वरची मर्यादा नाही. तिथे पॉलिसीवर आकडा छापलेला असतो आणि कंपनी त्या आकड्यापाशी थांबते. कॅलिफोर्नियात कायद्याने किमान आकडा २०२५ पासून एका माणसामागे ३०,००० डॉलर, एका अपघाताला ६०,०००. त्याआधी याच्या निम्मा होता! नानांच्या वेळचं हॉस्पिटलचं बिल आठव. आकड्याच्या वरचं तुझ्या बचतीतून जाईल, पगारातूनही कोर्ट कापून घेऊ शकतं.

अम्ब्रेला पॉलिसी या वरच्या रकमेसाठी असते. गाडीची आणि घराची पॉलिसी जिथे संपते तिथून ती सुरू होते. साधारण १० लाख डॉलरपासून मिळते, हप्ता वर्षाला काही शे डॉलर. मात्र खालच्या पॉलिसींच्या मर्यादा आधी वाढवाव्या लागतात. गाडीला एका माणसामागे अडीच लाख आणि एका अपघाताला पाच लाख डॉलर, घराला तीन लाख, असं बऱ्याच कंपन्या मागतात. त्या पुढे कमी केल्यास तर मधली फट तुझ्याच खिशातून. तुमच्या स्वतःच्या दुखापतीला अम्ब्रेला उपयोगाची नाही, तुझ्या कन्सल्टिंगलाही नाही. ब्रूनो कुणाला चावला तर मात्र कामाला येऊ शकते, आधी विचारून घे. तिथे कुत्रा पहिल्यांदाच चावला तरी मालक सुटत नाही.

आर्याचं नाव ड्रायव्हर म्हणून कंपनीला कळवलंस ना? तिच्या अर्जावर सही तुझी आहे, म्हणजे जबाबदारीही तुझी.

बघ, कोर्टाची भाषा सुरू झाली. राग मानू नकोस. पण ती मैत्रिणींना गाडीत बसवत नाही ना? पहिलं वर्षभर मोठं माणूस शेजारी नसेल तर वीसच्या आतलं कुणी चालत नाही, आणि रात्री अकरानंतर गाडीही नाही. तुला माहीत असेलच.

तू तिच्याच वयाचा असताना माझी लुना घेऊन यवतेश्वरचा घाट चढलास. गुडघा फोडून आलास आणि आई हळद भरत होती तर तू हसत होतास. घाटात लुना चढवली म्हणून मीही मनात खूश होतो, सांगितलं नाही. रात्री मात्र झोप लागेना. गुडघ्याचं काही नव्हतं, समोरून कुणी चालत आलं असतं तर, एवढंच डोक्यात. दाव्याच्या कागदावर सामनेवाले क्रमांक एक म्हणून बहुधा गाडीमालकाचं नाव असतं, विमा कंपनी त्याच्या खाली. ते नाव रोज लिहिणाऱ्या माणसाला घरचं पोर गाडीवर बसलं की काय होतं, तुला काय सांगू.

गाडीच्या आणि घराच्या पॉलिसीचं डिक्लरेशनचं पान, मर्यादांचे आकडे असतात ते, व्हॉट्सॲपवर टाक. बारीक अक्षर मला अजून वाचता येतं. या महिन्यात टाक.

आर्याला सांग, दिवाळीत आलीस तरी इथे स्टिअरिंग मिळणार नाही. इथे गाडीला अठरा पूर्ण लागतात.

तुझे,
बाबा