कॉलेजियम आणि फुंकून प्यायलेलं ताक

प्रिय पद्या,

तुझं पत्र बार रूममध्ये वाचलं. 'न्यायाधीशांनीच न्यायाधीश नेमायचे म्हणजे घरचाच कारभार. कॉलेजियम, म्हणजे सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांसाठी नावं ठरवणारं ज्येष्ठ न्यायाधीशांचं मंडळ, मोडा; सरकारला नेमू दे,' असं लिहितोस. पहिल्या अर्ध्याखाली माझीही सही घे. दुसऱ्याखाली मात्र नाही.

१९७३ चा एप्रिल आठव. २४ तारखेला केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला, सात विरुद्ध सहा. संसदेला घटना बदलता येईल, पण तिचा गाभा मोडता येणार नाही. दुसऱ्याच दिवशी शेलट, हेगडे, ग्रोवर या तीन ज्येष्ठांना डावलून ए. एन. राय यांचं नाव सरन्यायाधीश म्हणून जाहीर झालं. तिघे सातांतले, राय सहांतले! तिघांनीही राजीनामे दिले. पुढे आणीबाणीत स्थानबद्धांना, म्हणजे खटल्याविना डांबलेल्यांना, न्यायालयात दाद मागता येते, असं नऊ उच्च न्यायालयांनी उचलून धरलं होतं. तरी एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, चार विरुद्ध एक, त्यांच्यासाठी न्यायालयाचं दारच बंद केलं. तो एक म्हणजे हंसराज खन्ना. पुढच्या जानेवारीत सरकारने त्यांनाही डावललं आणि सरन्यायाधीशपद हुलकावणी देऊन गेलं. त्या चौघांत पुण्याचे यशवंत चंद्रचूड होते, आणि २०१७ मध्ये तो निकाल चुकीचा ठरवणारं निकालपत्र त्यांच्याच मुलाने लिहिलं. हा योगायोग मला अजून पचत नाही.

१९९३ मध्ये कॉलेजियम आलं, ते या दुधाने तोंड पोळल्यावर. ताक फुंकून प्यायलं, ठीक. पण मग भांडं कपाटात ठेवून किल्ली कनवटीला लावली, हे माझं भांडण. कॉलेजियमच्या जागी आणलेला २०१४ चा नेमणूक आयोग सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केला, तेव्हा खंडपीठातले न्यायाधीश चेलमेश्वर एकटे वेगळं बोलले आणि मला ते पटलं होतं. आयोगात मात्र सहापैकी कुणीही दोघे नाव अडवू शकत होते, आणि त्यातल्या दोन 'नामवंत व्यक्ती' म्हणजे नेमकं कोण, हे कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं. थेट निवडणूक म्हणशील, तर मेक्सिकोने २०२५ च्या जूनमध्ये तेही केलं. मतदार आले जेमतेम तेरा टक्के.

इथे आमच्या खालच्या न्यायालयात मात्र हे भांडण पोचतच नाही. आमचे न्यायाधीश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतात. सध्याच्या साहेबांची बदली झालीय, नवे आलेले नाहीत. परवा वाटपाच्या दाव्यातली म्हातारी पहाटेच्या एसटीने आली. 'साहेब कवा येणार?' मी पुढची तारीख कागदावर लिहून दिली. तिने घडी घालून पानाच्या चंचीत ठेवली.

दिवाळीत ये, मग उरलेलं भांडू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विन्या