निळ्या वहीतला शेवटचा रकाना

लोकमान्य नगर, इंदूर
धनत्रयोदशी, 18 ऑक्टोबर 2025

प्रिय शिऱ्या,

तुझी मेल येऊन तीन आठवडे झाले, माहितेय. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तू जे विचारलंस त्याचं उत्तर डोक्यात नव्हतं, वहीत होतं, आणि वही माळ्यावर. काल दिवाळीची आवराआवर करताना सापडली. आईने रद्दीच्या गठ्ठ्यात टाकलीच होती, मी वरून ओढून काढली. आठवते ना ती निळी, लांबुडकी? इंग्लंडात लेस्टरला आपल्या स्वयंपाकघरात टोस्टरशेजारी असायची. मधल्या पानांवर अजून तुझ्या चहाचे गोल डाग आहेत.

तर 500 पौंड बाजूला काढून तू बेटिंग एक्सचेंजवर, म्हणजे पैजांच्या ऑनलाइन बाजारात, फुटबॉल ट्रेड करायला बसलायस. मी तुला करू नको म्हणणार नाही. तिथे ते कायद्यात बसतं, पैसे तुझे आहेत आणि तू माझं ऐकणारा नाहीस. फक्त "ती तुझी शिस्तवाली पद्धत काय होती" असं जे लिहिलंयस ना, ते वाचून हसू आलं. पद्धत होती. शिस्तीचं सांगतो.

आधी भाषा. बॅक आणि ले या शब्दांत तू अजून गोंधळतोस, तुझ्या मेलमध्येच दोनदा उलटं झालंय. सोपं करून घे. आमच्या इंदूरच्या सट्टेवाल्यांकडे हे शब्द आधीपासून आहेत, लगाई आणि खाई. बॅक म्हणजे लावणं, ले म्हणजे खाणं. दुसऱ्याने लावलेलं तू खाल्लंस की त्या सौद्यापुरता तूच बुकी. बेटफेअरने 2000 साली बाजारात आणलं ते हेच. समोर बुकी नाही, तुझ्यासारखाच कोणीतरी, आणि कंपनी मधे बसून जिंकणाऱ्याकडून कमिशन घेणार. माझ्या वेळी ते 5 टक्के होतं. माझा काका सराफ्यात सरकीच्या वायद्यात बसायचा. त्याला हे समजवायला मला दोन मिनिटंही लागली नसती. तो रोज संध्याकाळी "सौदा बराबर करून" घरी यायचा. तुझं ग्रीन-अप म्हणजे तेच: उलटा सौदा करून निकाल काहीही लागला तरी दोन्हीकडे सारखंच उरेल असं करणं.

आता 2014 च्या सप्टेंबरमधलं एक पान जसंच्या तसं सांगतो. ड्रॉचा भाव 3.5, म्हणजे लावणाऱ्याला पौंडामागे मूळ धरून साडेतीन. मी 10 पौंड खाल्ले. म्हणजे ड्रॉ झाला तर माझे 25 जाणार, नाही झाला तर 10 येणार. बाविसाव्या मिनिटाला यजमानांनी गोल केला. बाजार थांबला, परत उघडला तेव्हा ड्रॉ 5 वर. मी 7 पौंड ड्रॉवर लावले. हिशेब कर: ड्रॉ झाला तर 25 गेले, 28 आले. नाही झाला तर 10 आले, 7 गेले. दोन्हीकडे 3 पौंड. कमिशनचे 15 पेन्स वजा. मॅच अजून सत्तर मिनिटं बाकी होती आणि मी भांडी घासत होतो. त्या दिवशी मला वाटलं होतं की आपण नोकरी सोडू शकतो.

यात एक मेख आहे, ती कोणी सांगत नाही. गोल कोणी केला याला फार महत्त्व. फेव्हरिटने केला तर ड्रॉ वर पळतो. दुबळ्याने केला तर बाजार म्हणतो, आता फेव्हरिट बरोबरी साधणार, आणि ड्रॉचा भाव जागचा हलत नाही, कधीकधी तर खालीच येतो. गोल झाला म्हणून तू खुर्चीतून उठतोस आणि स्क्रीनवर तोटा. आणि गोल झालाच नाही तर? ड्रॉ दर मिनिटाला थोडा थोडा उतरत जातो. सत्तराव्या मिनिटाला 0-0 असेल तर तोच 3.5 चा भाव 1.8 वगैरे झालेला असतो. तिथे सौदा बराबर करायला 19 पौंड 44 पेन्स लावावे लागतात आणि दोन्हीकडे 9 पौंड 44 पेन्स जातात. म्हणजे तीन मॅचेसची कमाई एका मॅचमध्ये. हे गणित मी पहिल्याच आठवड्यात मांडलं होतं, तरी चालेल म्हटलं होतं. नियम ठरवला: सत्तरावं मिनिट, 0-0, बाहेर. वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलाय. खाली दोन रेघा.

आता पान 31. शनिवार, दुपारी तीनची मॅच. तुला माहितेय, शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच इंग्लंडात टीव्हीवर फुटबॉल लाइव्ह दाखवत नाहीत, त्यामुळे माझ्यापुढे नुसते आकडे. शेजारी रेडिओ. सत्तरावं मिनिट आलं, 0-0. रेडिओवाला ओरडत होता की यजमान नुसते चढाई करतायत, गोल आता येतोच आहे. मी बाहेर पडलो नाही. ऐंशीव्या मिनिटाला ड्रॉ 1.5 होता, मी आणखी 20 पौंड खाल्ले. स्वतःला सांगितलं की जबाबदारी, म्हणजे हरलो तर जाणारे पैसे, फक्त 10 ची आहे. अठ्ठ्याऐंशीव्याला 1.15 वर आणखी 60 खाल्ले, जबाबदारी 9 ची. फक्त, फक्त. मॅच 0-0 संपली. सुरुवातीच्या सौद्याचे पंचवीस, मग दहा आणि नऊ. चव्वेचाळीस पौंड, म्हणजे जवळजवळ पंधरा मॅचेसची कमाई. तू तेव्हा आत आलास आणि विचारलंस की बटाटे कोणी जाळले. आठवतं? बटाटे मी जाळले होते.

त्या रात्री मी वहीत एक रकाना वाढवला. आत शिरतानाचा भाव, बाहेर पडतानाचा भाव, मिनिट, नफा-तोटा हे सगळं होतंच. नवा रकाना एवढाच: नियमाप्रमाणे बाहेर पडलो का. हो किंवा ना. जिंकलेल्या मॅचलाही ना लिहायचं, जर नियम मोडून जिंकली असेल तर. हे लिहिताना फार त्रास व्हायचा, कारण नियम मोडून जिंकण्यासारखा आनंद दुसरा नाही.

काल रात्री सगळी बेरीज परत केली. चौदा महिने, 160 मॅचेस. 141 ला हो, 19 ला ना. हो-वाल्यांनी दिले 412 पौंड. ना-वाल्यांनी घालवले 229. हातात 183, कमिशन जाऊन.

तू लगेच म्हणशील, मग त्या 19 काढून टाक. मीही तेच म्हणायचो. पण त्या 19 मॅचेसमध्येही खुर्चीत मीच बसलो होतो, अरे. कोणी भाड्याने आणलेला नव्हता. आणि बऱ्याचशा एकाच प्रकारच्या दिवसांच्या आहेत: पगाराच्या आधीचा शनिवार, बाबांच्या ऑपरेशनचा आठवडा, आणि एकदा तुझ्याशी भाड्यावरून भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सलग तीन. भावाचा, फॉर्मचा त्यात काही संबंध नाही. तासही मोजले. मॅच आणि आधीचा अभ्यास धरून अडीच तास प्रत्येकी, म्हणजे 400 तास. तासाला साधारण 46 पेन्स. एकही नियम मोडला नसता तरी तासाला एक पौंड. त्या वर्षी तिथला किमान पगार तासाला साडेसहा पौंड होता, आणि मी गोदामात त्याहून थोडं जास्त मिळवत होतो. पाय दुखायचे, ते वेगळं.

म्हणून 2015 च्या ऑक्टोबरात बंद केलं. आणि दैव बघ, तोच सीझन! बुकींनी सुरुवातीला 5000-1 दिलेली आपली लेस्टर त्याच वर्षी चॅम्पियन झाली. 2 मे 2016 ची रात्र, तिकडे चेल्सी-टॉटनहॅम 2-2 सुटून आपलं विजेतेपद पक्कं झालं आणि इकडे आपल्या गल्लीत गाड्यांचे भोंगे. तू रडत होतास. मी मनात हिशेब करत होतो की पाच पौंड लावले असते तर. शिस्तवाल्या माणसाने ते पाच पौंड कधीच लावले नसते, हेही तेव्हा कळत होतं, पण राग यायचा तो आलाच.

तुला काय करायचं ते तू ठरव. दोनच गोष्टी अगदी ठाम सांगतो. मैदानात बसलेल्याला गोल तुझ्या आधी दिसतो, तुझा टीव्ही काही सेकंद मागे असतो, तेव्हा गोलाच्या वासाने चालू मॅचमध्ये धावू नकोस. आणि फोनवर करू नकोस. कॉम्प्युटरवर कर, वही शेजारी उघडी ठेवून. वहीला घाबरायला होतं, फोनला होत नाही.

इथलं विचारलं होतंस. इथे हा प्रश्नच नाही. ऑगस्टमध्ये केंद्राने कायदा करून पैशाचे ऑनलाइन खेळच बंद केले. तरी परवा भाचा आला आणि हळूच म्हणाला, "मामा, एक जण आयडी देतो, एक्सचेंजसारखंच आहे." व्हॉट्सअ‍ॅपवर आयडी, उधारीवर पॉइंट, सोमवारी हिशेब. म्हटलं, भिया, हिशेब चुकला तर तक्रार कोणाकडे करशील? वहीसुद्धा त्याचीच! गप्प झाला. पण त्याने आयडी घेतला नसेल असं मला छातीठोक सांगता येत नाही.

गंमत म्हणजे तीनची मॅच मी आता बघतो. इथे साडेसात वाजलेले असतात, आईची दिवेलागण आटोपलेली असते. लेस्टरला बाजार होता पण चित्र नव्हतं, इथे चित्र आहे आणि बाजार नाही. आज सत्तराव्या मिनिटाला 0-0 होतं आणि माझा हात आपोआप टेबलावर माउस शोधायला लागला. दहा वर्षांनी! मग उठलो, बाहेर जाऊन गराडू, म्हणजे आमच्याकडचा तळलेला कंद, खाऊन आलो. हंगाम नुकताच सुरू झालाय, अजून थोडे कडक आहेत, पण जीरावण मसाला टाकला की चालतं.

आईने तुझ्यासाठी चिवडा बांधून ठेवलाय. मिलिंद पुढच्या महिन्यात तिकडे येतोय, त्याच्या बॅगेत जागा झाली तर पोचेल. वही मी देणार नाही, ती मला हवी आहे. तू नवीन घे. पहिल्या तीस मॅचेस झाल्या की आकडे पाठव, आणि नफ्याचा रकाना नाही पाठवलास तरी चालेल, शेवटचा पाठव. खोटं लिहिलंस तर मला कळेल. तू बटाटे जाळणाऱ्याबरोबर राहिलेला आहेस.

तुझा,
बाळ्या