काका, सुई मी उचलली नाही

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही चहा टाकायच्या निमित्तानं उठून जाता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. आता कुठे पळाल?

नोकरी गेली तेव्हा नवी शोधायला माझ्या हातात अमेरिकेच्या एच-१बी या कामाच्या व्हिसावाल्यांना मिळतात तेवढे ६० दिवस होते आणि घराचं लीज संपत आलं होतं. मंडळाच्या गणपतीत दोनदा भेटलेल्या मुलाला तुम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरातल्या बेसमेंटची किल्ली दिलीत. भाडं नाही, चौकशा नाहीत. अट एकच: कपाटातल्या रेकॉर्डी खुशाल लावायच्या, पण बाजू संपेपर्यंत सुई उचलायची नाही.

जॅझ पियानिस्ट बॉब जेम्सची ‘वन’ ही रेकॉर्ड अशीच हाती लागली. १९७४ची, सीटीआय या रेकॉर्ड कंपनीची, असल्या मुलायम जॅझला ‘स्मूथ जॅझ’ हे नाव तेव्हा रुळलंही नव्हतं. खरं सांगू? मुसोर्गस्की या रशियन संगीतकाराच्या ‘नाइट ऑन बाल्ड माउंटन’ला, म्हणजे त्या भुताखेतांच्या डोंगराला, ब्रास आणि ड्रम्सची फोडणी मला काही झेपली नाही. अट नसती तर तिथेच सुई उचलली असती. पण शेवटी ‘नॉटिलस’ आलं. गॅरी किंगचा बास पुन्हा पुन्हा तीच वाट तुडवतोय, इद्रिस मुहम्मदचे ड्रम्स त्याला घट्ट धरून, आणि वर फेंडर ऱ्होड्स या इलेक्ट्रिक पियानोचे ओलसर सूर. त्या रात्री ते किती वेळा ऐकलं, वरच्या मजल्यावर तुम्हालाच माहीत. दर वेळी अख्खी बाजू!

मग तुम्ही जिन्यात बसून समजावलंत. तबकडी फिरते एकाच वेगानं, मिनिटाला ३३⅓ फेरे. पण आतला घेर लहान, त्यामुळे तेवढ्याच वेळात सुईखालून चर कमी सरकतो आणि आवाजाची धार बोथट होते. म्हणून ज्यावर फारशी भिस्त नाही असा तुकडा बऱ्याचदा शेवटी ढकलतात. आणि या रेकॉर्डवरचा नेमका तोच तुकडा पुढे रन-डीएमसीपासून गोस्टफेस किलापर्यंत कितीतरी हिप-हॉपवाल्यांनी आपल्या गाण्यांसाठी उचलला.

यावरून तुम्ही मला धीराचं प्रवचन देऊ शकला असतात. पण तुम्ही एवढंच म्हणालात, “कुकर झालाय, वर ये.” त्याचे आभार वेगळे.

४१व्या दिवशी आणखी एक नकार आला. तुम्ही काही न विचारता गाडी काढलीत ती थेट एंगलवुड क्लिफ्सला, जिथे ही रेकॉर्ड झाली त्या ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओकडे. हा माणूस मूळचा चष्म्याचे नंबर काढणारा. १९५९मध्ये हा स्टुडिओ बांधेपर्यंत आईवडिलांच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा. आपल्याला दिसली फक्त झाडं आणि आत जाणारा रस्ता. थर्मासमधला चहा पिऊन परत आलो. महिन्याभरात मला गाढ झोप लागली ती त्या परतीच्या वाटेवर, तुमच्या गाडीत.

५३व्या दिवशी नव्या कंपनीनं माझा अर्ज भरला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहेच.

आता एक कबुली. याच रेकॉर्डवरच्या ‘सोलेरो’मध्ये मध्येच टक् असा आवाज येतो, तो ड्रम्सचा नाही. माझा आहे. सुई उचलली नाही काका, हातून पडली. दुसरी प्रत शोधतोय. मिळाली की घेऊन येतो; चहा टाकून ठेवा.

तुमचा,
बेसमेंटवाला