जीपचे टायमिंग गिअर जोडीनेच बदला

संपादक महोदय,

महिंद्राच्या जुन्या सीजे-३बी जीपचे इंजिन नव्याने बांधून घेताना मालक बोअर, पिस्टन, बेअरिंगवर सढळ खर्च करतात. टायमिंग गिअरपाशी, म्हणजे क्रँकशाफ्टची गती झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टला देणाऱ्या दातेरी चाकांपाशी, मात्र हात आखडतो. कॅमचा फायबर गिअर नवा आणि क्रँकचा पोलादी गिअर जुनाच, असे काम सर्रास होते. ते थांबावे, म्हणून हे पत्र.

पोलादी दाता झिजला की त्याचा आकार बिघडतो. नवे फायबर त्याच्यावर एका कडेनेच टेकते, घरघर सुरू होते आणि पुढे दाते निखळतात. तुकडे चेंबरमध्ये (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यात) पडून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. म्हणून जुना गिअर फुटका निघाला, तर आधी चेंबर आणि जाळी धुवावी.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते ब्लॉकच्या तोंडावरच्या बारीक ऑइल जेटकडे. दोन्ही गिअर जिथे गुंततात, तिथे तेल मारणे हेच त्याचे काम. ब्लॉक धुताना त्यात गाळ बसतो. तार घालून, हवा मारून तो मोकळा करावा आणि त्याचे तोंड दात्यांकडेच आहे ना, ते पाहावे. जेट बुजलेला राहिला, तर नवी जोडीही कोरडी फिरून लवकर खराब होते.

फायबर गिअर हातोडीने ठोकू नये आणि तापवूही नये. चावी (गिअर शाफ्टवर घसरू न देणारी छोटी पाचर) बसवून मधल्या बोल्टने ओढून घ्यावा. मग थ्रस्ट प्लेट (कॅमला जागेवर धरणारी पट्टी) आणि गिअरच्या मधे फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालावा. कॅमचा प्ले, म्हणजे पुढे-मागे सरकण्याची मोकळीक, ०.००४ ते ०.००७ इंच हवा. कमी भरला तर स्पेसरमागे (गिअरमागच्या कड्यामागे) शिम, म्हणजे पातळ चकती, घालावी, जास्त भरला तर स्पेसर किंचित घासावा.

दोन्ही गिअरवरच्या खुणा समोरासमोर आणून क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावा. खुणा पुन्हा तिथेच जुळल्या पाहिजेत. क्रँकच्या गिअरला २५ दाते धरले, तर एका दात्याची चूक म्हणजे क्रँकचे १४.४ अंश. मग इंजिन ओढत नाही आणि दोष उगाच कार्बोरेटरला जातो.

खुणा जुळल्या म्हणजे पहिला सिलिंडर फायरिंगवर (ठिणगी पडण्याच्या स्थितीत) आलाच, असे मात्र समजू नये. त्याच्या दोन्ही झडपा बंद आहेत का, ते पाहूनच डिस्ट्रिब्युटर बसवावा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, ठिणगी पिस्टन अगदी वर पोहोचण्याच्या ५ अंश आधी.

कव्हरचे बोल्ट आवळण्याआधी पुली सीलमध्ये सरकवून कव्हर मध्यावर आणावे, नाहीतर सील एका बाजूने खाल्ले जाऊन तेल गळते. पुलीच्या गळ्याला चर पडली असेल, तर नवे सीलही टिकणार नाही.

मालकांना एवढेच सांगणे आहे, की गाडी ताब्यात घेताना काढलेले दोन्ही जुने गिअर मागून घ्या, म्हणजे जोडी बदलल्याची खात्री होईल.

आपले,
जुन्या जीपगाड्यांचे काम करणारे काही मेकॅनिक, कोल्हापूर