गोल्डर्स ग्रीनहून आई-बाबांस

लंडन, फेब्रुवारीअखेर

ती. आई व ती. बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपले बोलणे होते, पण मी त्यात ‘बरी आहे’ यापलीकडे काही सांगत नाही, अशी बाबांची तक्रार असल्यामुळे हे पत्र सविस्तर लिहायला घेतले आहे. मी खरोखरच बरी आहे. खोकला गेला, जाड कोट घेतला आणि वजन घटलेले नाही. आत्याला फोटोत मी वाळलेली दिसले ती त्या काळ्या कोटामुळे. रुग्णालयातल्या पाळ्यांचे रडगाणे तुम्हाला पाठ झालेले आहे, त्यामुळे ते पुन्हा गात नाही.

गोल्डर्स ग्रीन हा उत्तर-पश्चिम लंडनमधला ज्यू लोकांचा जुना भाग. १९०७ साली इथे भुयारी रेल्वे आली, त्यानंतर वस्ती वाढली, आणि १९३०च्या दशकात जर्मनी-ऑस्ट्रियातून जीव वाचवून निघालेली पुष्कळ कुटुंबे इथे स्थायिक झाली. माझ्या घरमालकीणबाईंची आई त्यांपैकीच. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या नऊ-दहा महिन्यांत सुमारे १०,००० मुलांना आईवडिलांशिवाय आगगाडीत बसवून ब्रिटनमध्ये पाठवण्यात आले होते. त्यांत ती व्हिएन्नाहून आली. मालकीणबाई आता पंचाहत्तरीच्या आहेत, एकट्या राहतात, माझ्याकडून भाडे वेळेवर घेतात आणि मी रात्री उशिरा आले की दिवा लावून जाग्या राहतात. तेव्हा ‘परक्याच्या घरात कशी राहतेस’ ही काळजी आईने सोडावी.

दुसरी काळजी आत्याची, की हे लोक मला बाटवतील. आत्याला सांगा की यांच्यात धर्मप्रसार करतच नाहीत. कोणी आपणहून धर्मात येतो म्हणाला तरी रब्बी, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, त्याला आधी परत पाठवून पाहतात, आणि त्यातूनही जो टिकला त्याला कित्येक महिने अभ्यास करावा लागतो. मला तर दिवसपाळीनंतर पोळ्या लाटायलाही वेळ मिळत नाही.

आता त्या खांबाचे. व्हिडिओवर रस्त्याच्या कडेला एक बारीक खांब पाहून आईने विचारले होते की हा विजेचाही दिसत नाही आणि दिव्याचाही नाही, मग कसला, आणि मी ‘नंतर सांगेन’ म्हणून टाळले होते, कारण ते दोन वाक्यांत आटोपण्यासारखे नाही. यांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताच्या थोडा आधी लागतो, तो शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत चालतो. त्या काळात जी कामे वर्ज्य आहेत त्यांतले एक म्हणजे घरातली वस्तू सार्वजनिक रस्त्यावर वाहून नेणे. वस्तू म्हणजे कोणतीही: किल्ली, रुमाल, प्रार्थनेचे पुस्तक, शेजारणीसाठी केकचा तुकडा. बाबागाडी ढकलणेही त्यातच आले आणि चाकाची खुर्चीही, त्यामुळे तान्ह्या मुलांच्या आया आणि अधू म्हातारी माणसे शनिवारी घरात अडकून पडत. घराच्या चार भिंतींत मात्र हवे ते उचलता येते. म्हणून त्यांच्या पंडितांनी फार पूर्वीच असा मार्ग काढला, की पुष्कळ घरांभोवती मिळून एक हद्द आखावी, आतल्या लोकांचे थोडे अन्न सामाईक म्हणून एका ठिकाणी ठेवावे आणि ती सगळी वस्ती शब्बाथपुरती एकच घर मानावी. या हद्दीला एरुव म्हणतात. आता हद्द म्हटली की भिंत हवी. पण भिंतीला दार असायला हरकत नाही. आणि दार म्हणजे तरी काय, दोन उभे खांब आणि त्यांच्या डोक्यावरून गेलेले आडवे काहीतरी. तेव्हा दोन खांबांवरून ओढलेली बारीक तार हेसुद्धा शास्त्राने दारच झाले, आणि अशी दारे कितीही असली तरी हद्द मोडत नाही. आईने पाहिला तो खांब अशाच एका दाराचा. इथल्या एरुवचा परीघ ११ मैल, म्हणजे जवळजवळ १८ किलोमीटर आहे. त्यातला बहुतेक भाग रेल्वेमार्ग, मोठे रस्ते आणि घरांच्या रांगा यांनीच भरून निघतो आणि जिथे खंड पडतो तेवढ्या जागी खांब आणि तार येते. हा एरुव २००३ साली पुरा झाला. त्याआधी कित्येक वर्षे परवानग्यांची आणि वादांची गेली, आणि विरोध करणाऱ्यांत ज्यू लोकही होते. दर आठवड्याला शब्बाथपूर्वी सगळी हद्द तपासली जाते. वादळाने तार तुटली आणि वेळेत जोडली गेली नाही, तर त्या शनिवारी एरुव नाही आणि बाबागाड्या घरात. जानेवारीतल्या एका वाऱ्याच्या शुक्रवारी आमच्या मालकीणबाई दुपारपासून फोनवर एवढीच चौकशी करत होत्या.

बाबा म्हणतील की ही देवाच्या डोळ्यांत धूळ फेकण्याची युक्ती आहे. मीही मालकीणबाईंना साधारण तेच विचारले. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, ‘कायदा त्याने केला, पळवाटही त्यानेच ठेवली, ती शोधायची म्हणून तर आम्ही इतका अभ्यास करतो.’

अभ्यासाचे हे वेड मात्र पाहण्यासारखे आहे. तालमूद नावाचा त्यांचा जो धर्मचर्चेचा प्रचंड ग्रंथ आहे, त्याचे रोज एक पान, दोन्ही बाजूंनी, वाचण्याचा परिपाठ १९२३ साली पोलंडमधल्या एका रब्बींनी सुरू केला. जगभरचे लोक त्या दिवशी तेच पान वाचतात. पाने २,७११, त्यामुळे एक आवर्तन संपायला साडेसात वर्षे लागतात, आणि संपले की समारंभ करून पुन्हा पहिल्यापासून. वाचायचे ते जोडीने, मोठ्याने आणि भांडत. मालकीणबाईंच्या सिनेगॉगमध्ये (आपल्या इस्रायल आळीत आहे तसेच प्रार्थनामंदिर) सकाळी दोन निवृत्त गृहस्थ असे बसतात. मी एकदा मालकीणबाईंचा विसरलेला चष्मा द्यायला गेले होते, तेव्हा दोघांत एवढे हातवारे चालले होते की मी मध्ये पडू की काय अशा विचारात होते. विषय होता शेजाऱ्याच्या बैलाने केलेल्या नुकसानीचा. लंडनमध्ये बैल कोणाकडे आहे, हे विचारायचे मी सोडून दिले.

याच मंडळींपैकी काहींनी १९८० साली लिमूद नावाची चळवळ सुरू केली. डिसेंबरच्या शेवटी, सगळा देश नाताळ साजरा करत असताना, हे लोक एकत्र राहून काही दिवस शिकतात. इतिहास, स्वयंपाक, संगीत, ग्रंथ, राजकारण, जो विषय ज्याला येतो तो त्याने शिकवायचा आणि पुढच्या तासाला स्वतः बाकावर बसायचे. छातीवरच्या बिल्ल्यावर नुसते नाव असते. डॉक्टर, प्राध्यापक, रब्बी असे काही लिहीत नाहीत. त्याच धर्तीवर मालकीणबाईंच्या सिनेगॉगमध्येही महिन्यातून एक संध्याकाळ असते, आणि तिथे मागच्या महिन्यात मी बोलले. ही बातमी फोनवर सांगायची राहून गेली होती.

झाले असे, की मी अलिबागची आहे आणि आमच्या गावात सिनेगॉग आहे, यावर तिथे कोणाचा विश्वास बसेना. मग मी त्यांना आजीकडून ऐकलेले सगळे सांगितले. आपल्याकडचे मराठी ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, ज्यांचे वंशज मानले जातात त्या नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची कथा, कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम न करणारे म्हणून पडलेले ‘शनिवार तेली’ हे नाव, पोहे-खोबऱ्याचा मलिदा आणि एलियाहू हन्नाबीला, म्हणजे प्रेषित एलियाला, केलेला नवस. किहीमकर, पेणकर, रोहेकर ही आडनावे ऐकून सगळे खूष झाले, कारण त्यांचीही कित्येक आडनावे पोलंड-जर्मनीतल्या गावांवरूनच आलेली आहेत. १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापलेल्या हग्गादेची, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचायच्या पोथीची, चित्रे पडद्यावर दाखवली, तेव्हा तर साड्या नेसलेल्या बायका वल्हांडणाच्या रोट्या करताना पाहून मागच्या रांगेतल्या बायका उठून पुढे आल्या. बाबा, तुमच्या त्या बेने इस्रायल बाई, ज्यांच्या छडीचे तुम्ही अजून नाव काढता, त्यांचाही उल्लेख केला. छडीचा केला नाही.

बाबांनी विचारले आहे की आपले महाराष्ट्र मंडळ असताना मी या लोकांत का रमते. मंडळ आहे, १९३२ सालापासून आहे, डॉलिस हिलमधल्या त्याच्या वास्तूत मी गणपतीला गेले होते आणि मोदकही खाल्ले. परंतु तिथे येणारी माणसे चाळीस दिशांनी गाड्या घेऊन येतात आणि आरती झाली की पांगतात. इथे शब्बाथला गाडी चालवायची नसल्यामुळे प्रत्येकाला सिनेगॉगपासून चालत जाण्याच्या अंतरावरच घर घ्यावे लागते, आणि म्हणून आजारी माणसाला डबा कोण नेणार हे विचारावे लागत नाही. मला वाटते इथल्या साऱ्या समाजजीवनाचे मूळ या एका गैरसोयीत आहे. रविवारी जवळच्या ज्येष्ठांच्या केंद्रात मी खुर्चीत बसून करायचे व्यायाम घेते, फुकट. पण घरी परतताना हातात काही ना काही बांधून मिळते. पुढच्या आठवड्यात त्यांचा पुरिम हा सण आहे. मुले सोंगे घेऊन घरोघर खाऊचे ताट पोचवतात. मालकीणबाईंचा हट्ट आहे की मी नऊवारी नेसावी.

जेवणाचे म्हणाल तर या घरात कोळंबी, खेकडे, तिसऱ्या येऊ शकत नाहीत. खवले आणि पर असलेलाच मासा चालतो. बांगडा चालतो, त्यावर निभते. मटणाची आणि दुधाची भांडी वेगळी, धुण्याची कुंडीही वेगळी. माझी कढई तिसरी.

सुरक्षिततेबद्दल खोटे लिहीत नाही. सिनेगॉगच्या दाराशी समाजाचेच स्वयंसेवक पहारा देतात, अनोळखी माणसाला नाव-गाव विचारतात, आणि बातम्या वाईट असल्या की पोलीसही उभे असतात. मला आता ते ओळखतात. काळजी करण्यासारखे काही असते तर मीच खोली बदलली असती.

आजीच्या वर्षश्राद्धाला मी पोचले नाही, हे दादाने दोनदा बोलून दाखवले आणि मी दोन्ही वेळा तिकिटाच्या दराचे कारण सांगितले. दर खरेच दुप्पट होते. त्या दिवशी मालकीणबाईंनी आजी कधी गेली असे विचारले, आणि मी माघ वद्य पंचमी म्हणाल्यावर त्यांना काही समजावून सांगावे लागले नाही, कारण त्यांचे महिनेही चंद्रावर चालतात आणि आपल्या अधिक मासासारखा एक महिना तेही १९ वर्षांत सात वेळा घालतात. पुण्यतिथी त्याच पंचांगाने पाळतात. त्यांनी कपाटातून काचेच्या पेल्यातली एक मेणबत्ती काढून दिली. ती चोवीस तास जळते. मी ओट्यावर लावली आणि कामाला गेले.

आता व्यवहाराचे. या महिन्यात एक लाख वीस हजार पाठवले आहेत. त्यांतले ऐंशी मागच्या पडवीच्या छपरासाठी आणि चाळीस दादाच्या वर्गाच्या फीसाठी. कौलेच घालावीत, पत्रे नकोत. रक्कम जमा झाली की दादाने कळवावे. आत्याने काढलेल्या पनवेलच्या स्थळाला कृपया माझ्या वतीने होकार देऊ नये आणि पत्रिकाही तूर्त पाठवू नये, कारण रुग्णालयाने माझा करार आणखी दोन वर्षांनी वाढवला आहे आणि मी सही केली आहे. आधी विचारायला हवे होते, हे मला समजते. विचारले असते तर तुम्ही हो म्हणाला असता आणि आई रात्रभर जागली असती. यंदाही गणपतीला येणे होणार नाही. दिवाळीची रजा मागितली आहे, ती मिळेल असे दिसते. मुलाकडच्यांना दिवाळीपर्यंत थांबायचे असेल तर थांबू द्यावे, नसेल तर आत्याने रागावू नये. बाबांनी साखरेची तपासणी मार्चमध्येच करून घ्यावी आणि कागद मला फोटो काढून पाठवावा.

तुमची,
लेक