लडाखच्या कोरीव शिळांची नोंद रस्ता रुंद होण्याआधी व्हावी

प्रति,
माननीय केंद्रीय संस्कृती मंत्री, भारत सरकार

महोदय,
स. न. वि. वि.

लेहहून पँगाँगकडे जाताना चांग ला खिंड उतरल्यावर तांगत्से गाव लागते. उन्हाळाभर महाराष्ट्रातल्या पर्यटकांच्या गाड्या इथे चहापुरत्या थांबतात आणि सरोवराच्या ओढीने पुढे निघतात. गावाजवळच्या शिळांवर मात्र नवव्या शतकातला, सोग्दी या मध्य आशियातल्या जुन्या भाषेतला लेख कोरलेला असून त्यात समरकंदच्या माणसाचा आणि तिबेटच्या राजाकडे निघालेल्या दूतांचा उल्लेख आहे. शेजारीच पूर्वेकडील ख्रिस्ती पंथाचे क्रूस आहेत. ज्या मुलखाची आज सीमेमुळेच बातमी होते, तो एके काळी मध्य आशियाचा राबता मार्ग होता, हे इथे दगडावरच लिहिलेले आहे.

सिंधू, श्योक आणि नुब्रा यांच्या काठांवर याहून कितीतरी जुनी कोरीव चित्रे आहेत. इथल्या कोरड्या हवेत खडकावर लोह आणि मँगनीजचा काळसर, चकचकीत थर चढतो. तो दगडाने ठोकून काढला की आतला फिका रंग उघडा पडतो, आणि पुढे शतकानुशतके तोही हळूहळू काळवंडत जातो. त्यामुळे पाठीवर वळलेल्या शिंगांचा रानबोकड जवळजवळ खडकाच्याच रंगाचा दिसतो, तर त्यावर नंतर कोरलेला स्तूप उजळ दिसतो. गेल्या खेपेला अशाच एका बोकडाच्या अंगावर देवनागरीत खरडलेली दोन नावे पाहिली. ती पांढरीशुभ्र होती. मराठी माणूस म्हणून मान खाली गेली.

सीमेवर रस्ते हवेत, याबद्दल दुमत नाही. परंतु अरुंद खोऱ्यात सपाट पट्टी एकच असते. जुनी वाट तिथूनच गेली आणि नवा रस्ताही तिथूनच जातो, म्हणून रुंदीकरणात आणि खडीसाठी नेमक्या याच शिळा फुटतात. प्राचीन स्मारकांच्या संरक्षणासाठी असलेल्या 1958 च्या कायद्याखाली राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरलेल्या स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढील 200 मीटरपर्यंत निर्बंध आहेत. माळावर विखुरलेल्या बहुतेक शिळांना हे संरक्षण लाभलेले नाही. शिळा उचलून संग्रहालयात ठेवणे हाही उपाय नव्हे, कारण ती कोणत्या उताराशी, कोणत्या वळणावर आहे, यावरूनच जुन्या वाटेचा माग लागतो.

म्हणून विनंती आहे की, या खोऱ्यांतील कोणत्याही रस्त्याची निविदा निघण्यापूर्वी पुरातत्त्वज्ञांनी गावातल्या जाणत्या माणसांना सोबत घेऊन ती पट्टी पायी पालथी घालावी, प्रत्येक कोरीव शिळेचे छायाचित्र आणि अक्षांश-रेखांश नोंदवावेत, आणि ती यादी कंत्राटाचाच भाग करावी. बर्फामुळे कामाचे महिने मोजकेच मिळतात. येत्या उन्हाळ्यात सुरुवात तांगत्सेपासून व्हावी.

आपला नम्र,
लडाखला वारंवार जाणारा एक मराठी प्रवासी