आवडता सिनेमा आपल्या गावचा असू शकतो ना

संपादक महोदय,

आवडता सिनेमा विचारला की आमच्या कॉलेजचे पोट्टे लगेच हॉलिवूडचं नाव घेतात, घेऊ द्या, पण मला मनापासून वाटते की 2022 चा ‘झुंड’ आपण नागपूरकरांनी पाहिजे तसा डोक्यावर घेतलाच नाही. नागराज मंजुळेंनी इथंच येऊन शूटिंग केलं, झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल खेळायला लावणाऱ्या आपल्या विजय बारसे सरांची गोष्ट, अन् अमिताभसमोर उभी राहणारी बरीचशी पोरं पहिल्यांदाच कॅमेऱ्यापुढं आलेली. त्यांची बोली ऐकून मला तर रडू आलं, आपली भाषा इतक्या मोठ्या पडद्यावर कधी ऐकलीच नव्हती हो.

पुस्तकात माझं एकच, एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’. नाटक आहे, पण मी ते वाचूनच जास्त जगलो. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, शिकायचं राहून गेलेली प्रभा, आणि सारखी किती वाजले विचारणारी दादी. माझ्या आजोळी अशीच म्हातारी होती. सीताबर्डीच्या बाजारात जुनी प्रत दिसली की मी घेतो अन् कोणाला तरी देऊन टाकतो, आतापर्यंत चार दिल्या.

– एक वाचक, नागपूर